साडेएकेचाळीस मिनिटं

प्रमिलाला संताप आला तो आधी भावाचाच.

सकाळपासून टीव्हीवर तेच चाललं होतं. आंबेखोऱ्याच्या धरणावरचा ऑपरेटर एकनाथ पांचाळ याने खंडेनवमीच्या दुपारी दारं चालवणारा कॉम्प्युटर मेन स्विचपासून बंद केला, त्याला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली आणि चार मिनिटांनी स्विच परत दाबला. तेवढ्यात वरच्या डोंगरात पाऊस कोसळला. कॉम्प्युटर काही वेळेवर उठला नाही. दारं उशिरा उघडली, भोंगाही उशिरा वाजला, आणि खाली बेलवाडीला म्हशी बाहेर काढायला नदीत उतरलेला गणपा हरणे वाहून गेला. ‘पूजेने घेतला बळी’ अशा मथळ्याखाली चार शहाणे एकमेकांच्या वरताण ओरडत होते. सन दोन हजार त्रेचाळीस उजाडलं तरी आपण कॉम्प्युटरला कुंकू लावतो, असं म्हणून त्यातल्या एकाने कपाळावर हात मारून घेतला.

प्रमिलाने टीव्ही बंद केला. एकनाथ तिचा सख्खा थोरला भाऊ. वडील लोहारकाम करायचे. खंडेनवमीला भाता थंड असायचा, हातोडे-सांडशी धुऊन पाटावर मांडलेल्या असायच्या, आणि त्या दिवशी लोखंडावर घाव घालायची कुणाची टाप नव्हती. लोखंडाला काय कळतंय, असं प्रमिला दहाव्या वर्षीच म्हणाली होती आणि त्यावर तिने मार खाल्ला होता. पुढे ती शिकली, पुण्याला आली, लग्नानंतर प्रमिला कार्लेकर झाली. माहेरचं आडनाव तिने ऑफिसात कधी काढलं नाही. आता तेच आडनाव टीव्हीवर तासातासाला दाखवत होते, आणि त्याच्यावर मृत्यूला कारणीभूत झाल्याचा गुन्हा दाखल होता. नोकरी गेल्यातच जमा होती. तुरुंगाचंही सगळेजण असं बोलत होते की जणू तारीखच तेवढी ठरायची बाकी आहे.

त्यात आणखी एक गोष्ट होती. तो कॉम्प्युटर प्रमिलाच्याच कंपनीचा होता. यंत्र हळू का चालतं, हे शोधून काढणं हेच तिचं काम होतं.

तिचे साहेब देवस्थळी यांनी तिला दुपारी बोलावलं. सोमवारी चौकशी समिती बसणार होती. त्यांना कंपनीचा तांत्रिक अहवाल हवा होता. साहेबांच्या मते दोन पानांचं काम होतं: यंत्र ठणठणीत होतं, बंद करणाऱ्याचा दोष, सही, शिक्का. ऑपरेटर कोण लागतो हे प्रमिलाने त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी दुसऱ्या कुणाला पाठवलं असतं, आणि त्या दुसऱ्याने खरोखरच दोन पानं लिहिली असती.

तिने हा निर्णय भावावरच्या मायेने घेतला, असं कुणी समजू नये. जाऊन आधी त्याला फैलावर घ्यायचं, एवढंच तिच्या मनात होतं.

एकनाथच्या या यंत्राचं नाव ‘सदोदित’. ते नाव का पडलं हे सांगायला हवं.

पूर्वीचे कॉम्प्युटर विसराळू असत. वीज तुटली की त्यांच्या कामाच्या स्मृतीतलं सगळं पुसलं जाई. चालू करताना त्यांना पुन्हा पहिल्यापासून सगळं समजून घ्यावं लागे: हा आपला पडदा, हा कीबोर्ड, हे आपलं काम. चालू व्हायला वेळ लागायचा तो त्यासाठी. गेल्या दहा वर्षांत वीज गेली तरी न विसरणारी स्मृती आली आणि ही कटकट संपली. आता कॉम्प्युटर बंद होत नसत, डुलकी काढत, आणि अर्ध्या सेकंदात जागे होत. मेन स्विच ओढून कुणी मुद्दाम पूर्ण बंद केला, तरच तो पहिल्यापासून चालू व्हायचा. प्रमिलाच्या हाताखालच्या इंजिनियरांनी तर पहिल्यापासून चालू होणारा कॉम्प्युटर कामाला लागल्यापासून कधी बघितला नव्हता. तो हळू का चालू होतो हा प्रश्नच लोक विसरून गेले होते. प्रमिला एकोणपन्नास वर्षांची. तिने कॉलेजात असताना कॉम्प्युटर चालू करून चहा प्यायला जाण्याचे दिवस बघितले होते.

शुक्रवारी सकाळी ती धरणावर पोचली तेव्हा एकनाथ सांडव्याच्या पुलावर उभा होता. पाणी उतरलं होतं, आकाश निरभ्र होतं. कॉम्प्युटर एकदा बंद करून चालू करून बघायची लेखी परवानगी तिने उपअभियंत्याकडून आणली होती, आणि यंत्राची सवय असलेला माणूस म्हणून एकनाथला तेवढ्यापुरतं आत येऊ दिलं होतं. आठ दिवसांत तो दहा वर्षांनी म्हातारा दिसायला लागला होता. तरी तिने दया दाखवली नाही. यंत्राची पूजा करायची तर चालू यंत्राची करता येत नाही का, माळ घालायला स्विच कशाला दाबावा लागतो, एका माणसाचा जीव गेला, असं ती सरळ तोंडावर बोलली.

एकनाथने सगळं ऐकून घेतलं.

“आबा भाता थंड करायचे ते द्येवासाठी न्हाई, पमे,” तो म्हणाला. “वरसातनं एकदा हत्यार थांबवायचं, धुवायचं, तडा गेलाय का बघायचं आनि मग परत हातात घ्यायचं. जे यंत्र थांबवून परत चालू करता येत न्हाई, त्याच्या भरवशावर वाडी झोपते कशी?”

तिचा राग आणखी वाढला. ती तरातरा कंट्रोल रूममध्ये शिरली. कॉम्प्युटरच्या गळ्यात सुकलेली माळ तशीच होती.

तिने परवानगीचा कागद टेबलावर ठेवला, घड्याळ लावलं आणि मेन स्विच खाली ओढला. चार मिनिटं थांबली. मग वर केला.

पडद्यावर एक राखाडी पट्टी आली आणि हलायचं नावच घेईना. पाच मिनिटं गेली, सात गेली. एकनाथ खिडकीशी उभा होता. त्या दिवशी काय काय झालं ते तो एकेक करून सांगू लागला. दहाव्या मिनिटाला डोंगराकडून आवाज आला. पंधराव्या मिनिटाला धरणाच्या भिंतीवरच्या खुणेवर पाणी चढताना दिसलं. भोंगा वाजवायला गेला तर भोंगाही याच कॉम्प्युटरला जोडलेला. हाताने दार उचलायचं जुनं चाक होतं, ते सदोदित बसवताना कंपनीच्या माणसांनी उपटून नेलं होतं, आता त्याची गरज नाही म्हणून. त्याने सरपंचांना फोन केला, पोलीस पाटलाला केला. वाडी वर सरकली. गणपाचा फोन घरी राहिला होता आणि गणपा म्हशींच्या मागे नदीत होता.

“आत्ता ह्या टायमाला,” एकनाथ भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत म्हणाला, “मी त्याला हितनं बघत हुतो. हाका मारत हुतो. आनि तुमची ती पट्टी अशीच हुती.”

प्रमिला पट्टीकडे बघत राहिली. वेळेवर दारं उघडली असती तर पाणी थोडं थोडं सोडता आलं असतं. उशीर झाल्यावर सगळं एकदम सोडावं लागलं. हे तिला अहवालाच्या भाषेत ठाऊक होतं. आता खुर्चीत बसून ती एकेक मिनिट मोजत होती. आयुष्यभर तिने हळू चालणारी यंत्रं तपासली, पण एकाही यंत्रासमोर ती अशी बसली नव्हती.

पडदा उजळला तेव्हा साडेएकेचाळीस मिनिटं झाली होती.

आता शोधायचं होतं की हा वेळ गेला कुठे. कॉम्प्युटर चालू होताना काय काय करतो त्याची नोंद स्वतःच ठेवतो, प्रत्येक ओळीपुढे वेळ टाकून. त्या नोंदी वाचणं म्हणजे रात्रभर बाहेर राहिलेल्या माणसाचे खिसे तपासण्यासारखं आहे, सगळं सापडतं. प्रमिलाने लॅपटॉप जोडला आणि ओळी वाचू लागली. खुद्द कॉम्प्युटर एका मिनिटात तयार झाला होता. पुढची साडेचाळीस मिनिटं तो नुसता वाट बघत होता.

कुणाची वाट? धरणातल्या पाण्याची पातळी मोजणारे सत्तावीस सेन्सर होते. कुणी घातपाती माणूस खोटा सेन्सर बसवेल, या भीतीने नियम असा होता की पूर्ण बंद होऊन चालू होताना कॉम्प्युटरने प्रत्येक सेन्सरची ओळख पटवून घ्यायची. सेन्सरजवळ एक ओळखपत्र असे. त्याची मुदत संपली असेल तर कॉम्प्युटर ते बनवणाऱ्या कारखान्याच्या सर्व्हरला विचारी, हा तुमचाच ना? उत्तरासाठी दीड मिनिट थांबे, आणि नाहीच आलं तर पुढच्याकडे वळे. सेन्सर बनवणारा कारखाना गेल्या वर्षी बंद पडला होता. सर्व्हरच उरला नव्हता. सत्तावीस सेन्सर, प्रत्येकी दीड मिनिट. सगळ्यांची चौकशी एकदम करता आली असती, पण कुणीतरी आळशीपणाने ती एकामागून एक करायला लावली होती. आणि सत्ताविसावा सेन्सर होईपर्यंत दारं आणि भोंगा, दोन्ही कुलपात.

धरण फुगत होतं, आणि कॉम्प्युटर बंद पडलेल्या कारखान्याचं दार वाजवत बसला होता. प्रमिलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ती मागच्या नोंदींकडे वळली. बसवल्यापासून यंत्र आजच्याआधी फक्त चारदा पूर्ण बंद होऊन चालू झालं होतं. एकदा बसवलं त्या दिवशी. उरलेल्या तिन्ही वेळा खंडेनवमी होती. पहिल्या वर्षी चालू व्हायला एक मिनिट लागलं होतं. दुसऱ्या वर्षी दहा, कारण सहा सेन्सरांची मुदत संपली होती. यंदा साडेएकेचाळीस. नियमाप्रमाणे दर पावसाळ्याआधी कंपनीने बंद-चालू चाचणी घ्यायची असते, आणि ‘चाचणी समाधानकारक’ असे दोन दाखले कंपनीच्या दप्तरात होते, देवस्थळी साहेबांच्या सहीचे. यंत्राच्या नोंदीत मे महिन्याची एकही ओळ नव्हती. कुणी फिरकलंच नव्हतं. अख्ख्या कंपनीने जी चाचणी कागदावर उरकली ती तीन वर्षं न चुकता घेणारा एकच माणूस होता, आणि टीव्हीवाले त्यालाच अंधश्रद्ध म्हणत होते.

“गेल्या साली दहा मिनिटं लागली, तेव्हा तुला काही वाटलं नाही?” तिने विचारलं. आता ती ओरडत नव्हती.

कळवलं होतं की, तो म्हणाला. कंपनीच्या तक्रार नंबरावर.

“मग काय उत्तर आलं?”

“आलं न्हाई.”

हे उत्तर जरा जास्तच लवकर आलं. प्रमिलाने लॅपटॉपवर तक्रारींची यादी उघडली आणि धरणाचं नाव टाकलं. तक्रार क्रमांक, तारीख, तक्रारदार एकनाथ पांचाळ. ‘खंडेनवमीनिमित्त बंद केले होते. चालू होण्यास दहा मिनिटे लागली. मागील वर्षी एक मिनिट. कृपया तपासावे. नोंद सोबत जोडली आहे.’ त्याखाली कंपनीचं उत्तर होतं: ‘यंत्रात दोष नाही. पूजेसाठी यंत्र बंद करू नये. तक्रार निकाली.’ त्याखाली नाव होतं, प्र. कार्लेकर.

गेलं वर्षभर मनातून काढून टाकलेला तो दिवस तिला लगेच आठवला. जेवणाच्या सुट्टीत दोघी-तिघी जणी ही तक्रार मोठ्याने वाचून हसत होत्या. कॉम्प्युटरची पूजा, आणि वर तक्रार. नावाच्या जागी आलेलं माहेरचं आडनाव ऐकून तिचे कान तापले होते. आता कुणीतरी विचारेल, हे पांचाळ तुझे कोण, या भीतीने तिने ती तक्रार ओढून घेतली आणि हसणं थांबावं म्हणून जागच्या जागी निकाली काढली. जोडलेली नोंद उघडलीही नाही. त्या नोंदीत सहा ओळी होत्या, प्रत्येकीपुढे दीड मिनिट.

“उत्तर आलं नाही म्हणालास.”

“आलं हुतं,” एकनाथ म्हणाला.

“पोलिसांना दाखवलंस?”

“फोनमधनं पुसून टाकलं. त्यावर तुझं नाव हुतं.”

तिने लॅपटॉप धाडकन मिटला. “तुला कुणी सांगितलं होतं मला वाचवायला?”

“आनि तुला कुनी सांगितलं हुतं न वाचता सही करायला?” आठ दिवसांत तो पहिल्यांदा चिडला होता. “दोष न्हाई असं तू लिवलंस. दुसऱ्यानं लिवलं असतं तर मी दहा ठिकानी जाऊन भांडलो असतो. तुझं नाव बघितलं आनि गप बसलो. पमा म्हनते म्हंजे नसंल दोष. बंद करू नको असंबी लिवलं हुतंस, ते मी ऐकलं न्हाई. तेवढं माझं. बाकीचं आता तू बघ.”

तो बाहेर पुलावर जाऊन उभा राहिला. ती आतच बसली. तिला आता स्वतःचाच राग आला होता.

शनिवारी देवस्थळी साहेबांनी अहवाल वाचला आणि चष्मा काढून ठेवला. सेन्सरवाला कारखाना बंद पडला हे छान आहे, ते म्हणाले, तेवढं राहू द्या. मेलेल्या कंपनीवर खापर फुटलं तर कुणाचंच बिघडत नाही. चाचणीचे दाखले आणि ती जुनी तक्रार मात्र अहवालात नको.

प्रमिला म्हणाली, दाखले खोटे आहेत.

“आणि तक्रार?” साहेबांचा आवाज अगदी मऊ होता. “ती कुणी बंद केली ते मी बघितलंय, बाई. दोन्ही गोष्टी एकाच पानाच्या दोन बाजू आहेत. माझी बाजू फाडलीत तर तुमचीही फाटेल. त्या ऑपरेटरसाठी तुम्ही एवढं कशाला करता? तो काय तुमचा नातेवाईक आहे?”

तिने अहवाल उचलला आणि ती बाहेर पडली. खरं तर त्याच क्षणी तिला सोपी वाट दिसली होती. कारखान्यावर ठपका गेला असता तरी एकनाथ अर्धामुर्धा सुटला असता. नोकरी गेली असती, तुरुंग कदाचित टळला असता. तोही काही बोलला नसता, हे तिला ठाऊक होतं. त्याने तर पुरावासुद्धा पुसून टाकला होता. आणि गावात जन्मभर लोक म्हणत राहिले असते, पूजेपायी माणूस मारला. रविवारभर ती घरात येरझारा घालत राहिली. नवऱ्याने वकिलाला विचारू या म्हटलं तर ती त्याच्यावरच डाफरली. संध्याकाळी तिने अहवाल पुन्हा लिहिला, आणि दाखले, तक्रार, उत्तर, सगळं त्याला जोडलं.

सोमवारी जिल्ह्याच्या कचेरीतला हॉल भरला होता. पुढच्या रांगेत गणपाची बायको शेवंता बसली होती, पदर घट्ट ओढून. एकनाथ कोपऱ्यात. समितीच्या अध्यक्ष मांडके, निवृत्त न्यायाधीश, मधे बसल्या होत्या. टीव्हीवाले शहाणेही कॅमेरे घेऊन आले होते. देवस्थळी साहेब दाराजवळच्या खुर्चीत होते.

प्रमिलाने अहवाल वाचायला सुरुवात केली. तिला वाटलं होतं आवाज कापेल, पण रागाने तो खणखणीत लागला होता. सेन्सरचं सांगितलं, दीड मिनिटांचं सांगितलं, उपटून नेलेल्या चाकाचं सांगितलं. या यंत्राची खरी चाचणी ज्याने घेतली त्याच्यावर गुन्हा आहे, आणि ज्यांनी ती कागदावर घेतली ते या हॉलमध्ये बसले आहेत, असं म्हणून तिने दोन्ही दाखले टेबलावर ठेवले. हॉलमध्ये गलका झाला. देवस्थळी उभे राहिले आणि म्हणाले की अध्यक्षांनी बाईंना गेल्या वर्षीच्या तक्रारीचं काय झालं तेही विचारावं.

“त्या पानावर येतेच आहे,” प्रमिला म्हणाली, आणि तक्रार वाचली. मग उत्तर वाचलं.

“ही तक्रार निकाली कुणी काढली?” मांडके बाईंनी विचारलं.

“मी.”

कोपऱ्यातून एकनाथ उठला. ती खोटं बोलतेय, तिला काही माहीत नाही, असं तो म्हणू लागला तेव्हा शिपायाने त्याला खाली बसवलं. मांडके बाईंनी एकदा त्याच्याकडे आणि एकदा तिच्याकडे बघितलं.

“तुमचं आणि यांचं काही नातं आहे?”

“सख्खा भाऊ आहे,” प्रमिला म्हणाली. “म्हणूनच बंद केली. दुसऱ्या कुणाची असती तर मी ती उघडून वाचली असती.”

अध्यक्ष लिहू लागल्या. तेवढ्यात पुढच्या रांगेतून शेवंता उठली. तिला बोलायला सांगितलं नव्हतं, पण तिला अडवायची कुणाची हिंमत झाली नाही.

“वाचायला किती येळ लागला असता, बाई?” तिने विचारलं.

प्रमिलाने तिच्याकडे बघितलं. “दोन मिनिटं,” ती म्हणाली.

शेवंता खाली बसली नाही. ती तशीच प्रमिलाकडे बघत उभी राहिली, आणि बसा असं तिला कुणीही म्हणालं नाही.